भावना त्याच्या, दुखावल्या माझ्या

मला एक जुना आजार आहे. कुणी कुणाच्या रंगावर, उच्चारांवर, कपड्यांवर, गरिबीवर जोक मारला की तो ज्याच्यावर मारलाय त्याच्या आधी मला लागतो. म्हणजे बॉल चाललेला असतो बॅट्समनकडे आणि बाउंड्रीवर उभा असलेला मी पोट धरून खाली बसतो. बरं, बॅट्समनने बोलावलेलं नसतं, अंपायरने विचारलेलं नसतं, पण आपल्याला लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस, त्यामुळे पीठ कायम मळलेलंच.

झालं असं की आमच्या टीममध्ये एक जण आहे, काळा, दुसऱ्या खंडात बसून काम करतो, त्यामुळे आमची गाठ फक्त व्हिडिओ कॉलवर. त्या दिवशी त्याच्या खोलीत उजेड कमी होता की कॅमेरा भंगार होता देव जाणे, पण त्याच्या चौकोनात मागची भिंत स्वच्छ, खुर्चीची पाठ स्वच्छ, पांढरा शर्ट तर इस्त्रीच्या घडीसकट स्वच्छ, आणि शर्टाच्या वर जिथे माणूस असायला पाहिजे तिथे नुसता अंधार. तेवढ्यात माझं नेट अडकलं. सुटलं तेव्हा मला फक्त एवढंच ऐकू आलं की कुणीतरी म्हणतंय 'कॅमेरा अजून ओळखत नाही याला' आणि सगळे खदाखदा हसतायत.

झालं. मी अनम्यूट केलं.

पुढची चार मिनिटं मी बोललो. काय बोललो ते आता नीट आठवत नाही, म्हणजे आठवतं पण आठवायचं नाहीये. 'संवेदनशीलता' आलं, 'शतकानुशतकं' आलं, 'आपण सगळेच यात सामील आहोत' हे तर दोनदा आलं. मध्ये एकदा माझा आवाजही भरून आला, त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. बोलणं संपल्यावर अशी शांतता पसरली की कुणाच्या तरी खोलीतला पंखा ऐकू येत होता. मग तो पांढरा शर्ट जरासा हलला आणि आतून आवाज आला, "अरे, जोक माझाच होता."

दोन सेकंद थांबून तो म्हणाला, "आणि चांगला होता. पुढची स्लाइड घेऊ या का?"

कॉल संपल्या संपल्या बॉसचा मेसेज, 'तू ठीक आहेस ना?' हा प्रश्न लोक काळजीने विचारतात असा माझा इतके दिवस समज होता.

रात्री मी स्वतःच्या बाजूने पुरावे गोळा करायला बसलो, कारण चूक झाल्यावर माफी मागायच्या आधी माणूस गुगल करतो. आणि गंमत म्हणजे कॅमेऱ्याचं प्रकरण खरंच निघालं. कोडॅकच्या जमान्यात रंगीत फोटोचे रंग जुळवायला स्टुडिओंना एक नमुन्याचं कार्ड मिळायचं, त्याचं नाव शर्ली कार्ड. पहिल्या मॉडेलचं नाव शर्ली, ती गोरी, पुढे कित्येक वर्षं त्या कार्डावर ज्या आल्या त्याही गोऱ्याच. फिल्म गोऱ्या कातडीला धरून बसवलेली, त्यामुळे शाळेच्या ग्रुप फोटोत गोरी पोरं व्यवस्थित यायची आणि काळ्या पोरांचे नुसते डोळे आणि दात. तक्रारी नव्हत्या असं नाही. पण फिल्म सुधारायचं कंपनीने मनावर घेतलं ते, तिथल्याच माणसांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, १९६०-७०च्या दशकांत फर्निचरवाले आणि चॉकलेटवाले ओरडायला लागल्यावर. एकाच्या जाहिरातीत फिक्या आणि गडद लाकडातला फरक दिसेना, दुसऱ्याच्या जाहिरातीत दुधाचं चॉकलेट आणि डार्क चॉकलेट एकसारखं दिसायला लागलं.

म्हणजे माणसं अंधारात गेली तेव्हा चाललं, कपाट अंधारात गेलं तेव्हा इंजिनियर धावले. दुसऱ्याच्या वतीने दुखावण्याच्या धंद्यात आजवर खऱ्या अर्थाने यशस्वी कोण झालं असेल तर तो एका खुर्चीच्या वतीने दुखावलेला माणूस. मी चार मिनिटं बोलून काय मिळवलं?

एवढ्यावर लॅपटॉप बंद करायला हवा होता, पण मी अजून खाली गेलो आणि तिथे स्पीडी गोन्झालेस भेटला. मोठी हॅट घातलेला, वाऱ्यासारखा पळणारा मेक्सिकन उंदीर. १९९९च्या सुमाराला अमेरिकेत कार्टून नेटवर्कने त्याला गुपचूप घरी बसवलं, कारण त्याच्या जोडीचे बाकीचे उंदीर सुस्त, पेंगुळलेले, पिणारे वगैरे, तेव्हा मेक्सिकन लोकांना वाईट वाटेल. मेक्सिकन लोकांना काय वाटत होतं? त्यांना तो उंदीर हवा होता! कारण त्या सगळ्या गोष्टींत मूर्ख बनतं ते मांजर आणि जिंकतो तो आपला गडी. अमेरिकेतल्या लॅटिनो लोकांच्या एका मोठ्या संघटनेनेच त्याला परत आणा म्हणून मागणी लावली आणि २००२ साली उंदीर परत कामावर रुजू झाला. हे वाचून मी लॅपटॉप मिटला. पुरावे माझ्याविरुद्ध जायला लागले होते.

(एक कबुली मध्येच देऊन टाकतो. माझ्यावर कुणी जोक मारला की मला काही होत नाही. मी मान हलवून हो म्हणतोय की नाही म्हणतोय यावर एकाने एकदा भर मीटिंगमध्ये नक्कल केली, मी हसलो, विषय संपला असता, पण एक गोऱ्या बाई माझ्या वतीने उठून उभ्या राहिल्या आणि माझ्या संस्कृतीबद्दल बोलायला लागल्या. दहा मिनिटं मी म्युझियममधल्या मडक्यासारखा बसून होतो. मान तर अजिबात हलवली नाही.)

रंगाचं असं झाल्यावर वाटलं, चला, निदान वर्गाच्या बाबतीत तरी आपली नजर बरोबर असेल. तर आमच्या ऑफिसात साफसफाईला एक मावशी आहेत. जिन्यात त्या पायऱ्या पुसत होत्या, आम्ही चौघे वरून उतरत होतो, आणि आमच्यातला एक म्हणाला, "मावशी, तुमचं बरंय, ना टार्गेट ना अप्रेझल, फडका मारला की मोकळं." मावशी हसल्या. मला मात्र भडभडून आलं. मी म्हटलं, अरे कष्टकरी बाईची थट्टा करतोस, तिच्या जागी राहून बघ एक दिवस, वगैरे वगैरे. तो ओशाळून निघून गेला, बाकीचे दोघे फोन बघायला लागले.

मावशी कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

"झालं का साहेब?"

"हो... म्हणजे तुम्हाला वाईट वाटलं असेल ना?"

"मला? त्यांना माझं उत्तर द्यायचं होतं, ते तुमच्या भाषणात राहून गेलं. चांगलं उत्तर होतं."

"काय होतं?"

"आता त्यात काय मजा? आणि जरा सरका. तुम्ही उभे आहात ती ओली आहे, वरची वाळलीय. आपली पायरी ओळखून उभं राहावं माणसाने."

मी सरकलो. मागे वळून बघितलं तर माझ्या बुटांचे छान पाच ठसे, आणि भाषणाच्या आवेशात मी हातवारे करत होतो त्यामुळे कपातली कॉफीही पायरीवर सांडलेली. मावशींनी एक शब्द न बोलता ते सगळं पुसलं. १९६६ साली बीबीसीवर एक गाजलेलं स्किट झालं होतं, तीन माणसं उंचीप्रमाणे शेजारी शेजारी उभी, उंच तो वरच्या वर्गाचा, मधला मध्यमवर्गीय आणि बुटका तो कामगार. वरचे दोघे आपण कुणाकडे खाली बघतो आणि कुणाकडे वर ते ऐटीत सांगतात आणि बुटका एवढंच म्हणतो की मला माझी पायरी माहीत आहे. बघणारे त्या बुटक्यावर हसत नव्हते, त्याच्या बाजूने हसत होते. त्यात चौथा कुणी मध्ये येऊन त्या बुटक्याच्या वतीने रागावला असता तर काय झालं असतं, हे जिन्यात नुकतंच झालं होतं.

मग मी पथ्य पाळायचं ठरवलं. आपण दुखवायचं नाही आणि दुखवून घ्यायचंही नाही, तोंड बंद, माइक बंद.

पुढच्याच आठवड्यात क्लायंटकडचे एक बडे गृहस्थ कॉलवर आले. त्या दिवशी आमच्या माणसाचा चेहरा नेमका लख्ख दिसत होता. गृहस्थ त्याला बघून म्हणाले, "वा, तुला कामासाठी घेतलंय की कंपनीच्या ब्रोशरवरच्या फोटोसाठी?" सगळे हसले. तोही हसला. आणि मी, आपण पूर्ण बरे झालोय हे टीमला दिसावं म्हणून, सगळ्यात मोठ्याने हसलो.

कॉल संपल्यावर त्याचा मेसेज आला.

'आज तुझं नेट गेलं होतं का?'

'नाही, का रे?'

'काही नाही. चार मिनिटं आली नाहीत म्हणून विचारलं.'

मी टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. शेवटी लिहिलं, 'पण तू तर हसत होतास.'

'बिल कोण पास करतं?'

यावर काय लिहिणार. हसण्याचे प्रकार असतात हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळत होतं. डेव्ह शॅपेल नावाच्या अमेरिकन कॉमेडियनला ते आधीच कळलं होतं. वंशावरचे विनोद हीच त्याची खासियत, पण एका स्किटचं शूटिंग चालू असताना एक गोरा माणूस असा काही हसला की ते हसणं त्याला खटकलं, आणि २००५ साली तब्बल पाच कोटी डॉलरचं म्हणून गाजलेलं कंत्राट टाकून तो सरळ दक्षिण आफ्रिकेला निघून गेला. जोक त्याचा, शो त्याचा, आणि तरी हसणारा भलत्याच गोष्टीला हसतोय हे त्याला नुसत्या आवाजावरून समजलं. आणि मला आवाज सोडा, अख्खं हसू समोर लख्ख दिसत असून समजलं नव्हतं. मावशी जिन्यात हसल्या ते नक्की कोणतं हसणं होतं, हेही मग रात्री आठवायला लागलं, पण आता जाऊन विचारणार कसं? त्या परत म्हणायच्या, झालं का साहेब.

शेवटी मी त्यालाच फोन केला आणि सरळ म्हटलं, बाबा रे, मला हे जमत नाही, तूच सांग काय करू. बोललो तर आगाऊ, गप्प बसलो तर भित्रा. दर वेळी आधी तुला विचारत जाऊ का, की वाईट वाटलं का म्हणून?

तो म्हणाला, "नको. तू असं विचारलंस की मला वाईट वाटायला लागतं."

बराच काथ्याकूट करून आम्ही एक खूण ठरवली. जोक झाला आणि त्याने नाक खाजवलं तर मी बोलायचं, अर्ध्या मिनिटाच्या आत आणि 'शतकानुशतकं' न वापरता. नाक खाजवलं नाही तर माझा माइक बंद. इतकी सोपी, स्वच्छ पद्धत की मला वाटलं हे सगळ्या ऑफिसांतून लागू करायला पाहिजे.

सोमवारी कॉल लागला. तेच बडे गृहस्थ आले, खुशीत होते, खुर्चीत रेलून त्यांनी 'तुमच्याकडच्या लोकांचं कसं असतं ना' अशी सुरुवात केली. मी सावरून बसलो, बोट अनम्यूटच्या बटणावर ठेवलं आणि त्याच्या चौकोनाकडे बघितलं.

भिंत स्वच्छ दिसत होती, खुर्चीची पाठ स्वच्छ दिसत होती, आणि पांढऱ्या शर्टाची एक बाही कोपरात वाकून वर कुठेतरी अंधारात गेली होती.