झूटेमेल्क आयत्या बिळावर बसला नव्हता

नमस्कार. झूटेमेल्कवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डच सायकलपटू योप झूटेमेल्क १९८५ साली, ३८व्या वर्षी, रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत जगज्जेता झाला, तो दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणून. दिवसभर इतरांच्या चाकामागे, वाऱ्यापासून आडोशाला लपून ताकद वाचवायची, शेवटी पळ काढायचा, आणि माझ्यासारख्यांनी वयाकडे बघून हळवं व्हायचं.

हळवेपणा कबूल. तो चाकामागे बसायचा हेही खरं. त्या काळचा सर्वांत बलाढ्य सायकलपटू एडी मर्क्स याच्या सावलीत राहिल्यामुळे त्याला ऊन लागत नाही, अशी थट्टा तेव्हाही चालायची. पण त्या दिवशीचा शेवट नीट पाहा.

इटलीतलं जियावेरा देल मोंतेल्लो. अडीचशेहून जास्त किलोमीटर झालेले, आघाडीच्या गटात मोजकेच स्वार उरलेले. त्यात ग्रेग लेमाँड, १९८३चा जगज्जेता, आणि घरच्या रस्त्यावर मोरेनो आर्जेंटिन. दोघंही स्प्रिंटला, म्हणजे शेवटच्या धावेला, वेगवान. झूटेमेल्क स्प्रिंटमध्ये त्यांच्यापुढे टिकणार नव्हता, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दीडेक किलोमीटर उरलं असताना तो सुटला. आता पाठलाग कोणी करायचा? लेमाँडने जोर लावला तर आर्जेंटिन त्याच्या आडोशाने ताजा राहणार. आर्जेंटिनने लावला तर लेमाँड. समोरून वारा असताना कुणाच्या मागे सायकल चालवली असेल, तर त्या आडोशाची किंमत तुम्हाला माहीत असेल. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, अंतर वाढत गेलं. लेमाँड दुसरा, आर्जेंटिन तिसरा.

ही कोंडी आयती मिळाली, असं तुम्ही म्हणता. मला ते पटत नाही. कोंडी त्या गटातल्या प्रत्येकासमोर होती, सुटला एकटाच. आणि तिचा फायदा घ्यायला आधी त्या गटात असावं लागतं! ३८व्या वर्षी, इतक्या अंतरानंतर, लेमाँडच्या बरोबरीने. तिथवर चलाखी नेत नाही, पायच नेतात.

स्पेनच्या आलेहांद्रो वाल्वर्देचं नाव तुम्ही काढलंत. २०१८ साली इन्सब्रुकला जगज्जेता झाला तेव्हा तोही ३८चा होता आणि त्याने स्प्रिंट तर सर्वांत पुढे राहून, लांबून मारली. तुमच्या मुद्द्याला खोडून काढायला हे उदाहरण सोयीचं आहे, पण उत्तेजकांच्या प्रकरणात त्याच्यावर दोन वर्षांची बंदी होती, म्हणून त्याच्या आधाराने मी वाद घालणार नाही. झूटेमेल्कही चाचण्यांत सापडला होता. १९७९च्या तूर द फ्रान्स शर्यतीत त्याला दहा मिनिटांचा दंड झाला, आणि हे माझ्या मूळ लेखात यायला हवं होतं. तिथे तुमची नाराजी रास्त आहे.

पण ‘नशीब’ हा शब्द मी मान्य करणार नाही. १९८५ला प्रतिस्पर्धी गाफील राहिले म्हणा हवं तर. १९८७ला नेदरलँड्समधल्या आम्स्टेल गोल्ड रेस या एकदिवसीय शर्यतीत, वयाच्या चाळिशीत, तो पुन्हा शेवटाकडे एकटा सुटला आणि जिंकला. तोवर इटलीत काय घडलं होतं ते सगळ्यांनाच माहीत होतं.