मालकांचं उत्तर: जन्मतारखा दुरुस्त करायला वेळ का लागला

नमस्कार डॉक्टर,

'सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर लावलं की काम झालं असतं. एका दिवसाचं काम लांबवून बिल वाढवलं,' असं तुम्ही लिहिलंय. दाखल्यावर पेशंटची जन्मतारीख एक दिवस मागची छापून आली की कोणीही चिडेल. पण घड्याळ बदलायचा सल्ला आम्ही का मानला नाही, ते इथेच सांगतो.

आमच्याकडे येण्याआधीच्या तुमच्या प्रोग्रॅममध्ये जन्मतारीख जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या जुन्या 'डेट' प्रकारात ठेवली जायची. त्यात 1 जानेवारी 1970 पासून मोजलेले मिलिसेकंद असतात. रिसेप्शनवर 12 जून 1985 टाकलं की त्या दिवसाची मध्यरात्र धरली जाते, आणि आपली ती मध्यरात्र यूटीसीत (जगाची प्रमाण वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) 11 जूनच्या संध्याकाळी साडेसहाला येते. क्लाउडवरचं, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवरचं जावा यूटीसीवर चालत होतं, त्यामुळे डेटाबेसमध्ये 11 जून 18:30 लिहिलं गेलं. त्याआधी दवाखान्यातल्या, भारतीय वेळेवरच्या कॉम्प्युटरवर भरलेल्या नोंदी 00:00 च्या. दोन्ही एकाच कॉलममध्ये!

सर्व्हर भारतीय वेळेवर आणला असता, तर 18:30 च्या नोंदी 11 जूनच राहिल्या असत्या. शिवाय सकाळी साडेदहाची अपॉइंटमेंट 05:00 म्हणून साठलेली आहे, ती पहाटे पाचची दिसली असती. बरं, जन्मतारखांत सरसकट साडेपाच तास मिळवावेत, तर तुमचे सगळ्यात वयस्कर पेशंट अडकतात. सप्टेंबर 1942 ते ऑक्टोबर 1945, युद्धामुळे भारतातली घड्याळं तासभर पुढे होती आणि जावा तो हिशोब धरतं. 1944 साली जन्मलेल्या आजोबांची नोंद 17:30 ची. साडेपाच मिळवले की रात्रीचे अकरा, तारीख आदल्या दिवसाचीच.

म्हणून एकेक प्रकारची नोंद वेगळी काढावी लागली. आता जन्मतारीख जावात 'लोकलडेट', म्हणजे फक्त तारीख धरणाऱ्या प्रकारात आहे आणि डेटाबेसमध्ये नुसती तारीख, त्याला ना तास ना टाइमझोन. ही सोय जावा 8 पासून, म्हणजे 2014 पासून आहे. तरीही जन्मतारखेला मध्यरात्र चिकटवलेली दिसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अपॉइंटमेंटची वेळ यूटीसीतच ठेवलीय, स्क्रीनवर भारतीय दिसते.

ज्या थोड्या नोंदींची वेळ कुठल्याच हिशोबात बसली नाही, त्यांना लाल खूण केलीय. तेवढ्या केस पेपरशी ताडून घ्या. त्या आम्ही अंदाजाने बदललेल्या नाहीत.