पोलीस नंतर, आधी तांदूळ

उत्तर कोरिया म्हटलं की आपल्याकडे नुसते मीम्स. किम जोंग-उनची हेअरस्टाईल, मिसाईल, टीव्हीवर ढसाढसा रडणारे लोक. थोडं सिरीयस कोणी बोललंच तर लेबर कॅम्प. ते कॅम्प आहेतच आणि भयंकर आहेत, पण अडीच कोटी लोकांना तीन पिढ्या नुसत्या कॅम्पच्या धाकावर दाबून ठेवणं अवघड आहे. माझ्या मते खरी चावी होती धान्य.

१९५७ ला देशाचा पहिला हुकूमशहा किम इल-सुंगच्या सरकारने धान्याच्या खाजगी व्यापारावरच बंदी घातली. मग शहरातल्या माणसाला तांदूळ-मका मिळणार तो सरकारी वाटप केंद्रातून, महिन्यातून दोनदा, साध्या कामगाराला दिवसाला ७०० ग्रॅमच्या हिशोबाने, रिटायर झालेल्याला ३००. तांदूळ किलोला ८ चॉन (१०० चॉन म्हणजे १ वॉन, तिथलं चलन), म्हणजे फुकटच. ऐकायला भारी वाटतं ना? पण आपल्याकडे रेशनवर नाही मिळालं तर वाणी असतो. तिथे वाणीच ठेवला नाही. नोकरी कुठे करायची ते सरकार ठरवणार, दांडी मारली की धान्य कापणार, दुसऱ्या गावी जायचं तर परमिट, आणि चुकवून गेलात तरी खाणार काय, कारण बाहेर जेवायलाही धान्याची कुपनं लागायची.

बाकीची सिस्टीम याच्या भोवती. आजोबा जमीनदार होते की क्रांतिकारक यावरून घराण्याचा दर्जा (त्याला सोंगबुन म्हणतात), त्यावरून नातवाचं कॉलेज, नोकरी, प्योंगयांगमध्ये राहायला मिळणार की नाही ते सगळं. वीस-चाळीस घरांमागे एक इनमिनबान, म्हणजे शेजाऱ्यांवर नजर ठेवणारा सरकारी गट, त्याची प्रमुख बहुतेक वेळा एखादी बाईच, कोणाकडे पाहुणा आलाय, कोणाकडे अचानक पैसा दिसतोय ते तिला माहीत असलंच पाहिजे. रेडिओचं बटण सरकारी स्टेशनवरच सील केलेलं. आठवड्याला मीटिंग, स्वतःच्या चुका कबूल करायच्या आणि दुसऱ्याच्याही काढायच्या. पळून आलेले लोक सांगतात की आधीच सेटिंग करून घ्यायचो, या आठवड्यात तू माझी काढ, पुढच्या वेळी मी तुझी. माणसं शेवटी माणसंच!

मग सोव्हिएत युनियन कोसळलं, स्वस्त तेल बंद, खत बंद, १९९५ ला पूर. वाटप केंद्रं रिकामी. ईशान्येकडच्या हामग्योंग भागाचं धान्य तर त्याच्याही आधी तोडलेलं, प्योंगयांग मात्र सांभाळलं. किती मेले याचे अंदाज वेगवेगळे आहेत, अभ्यासक साधारण सहा ते दहा लाख धरतात, काही त्याहून जास्त. सरकारी धान्याची वाट बघत बसलेले आज्ञाधारक लोक आधी गेले असं तिथून आलेले कितीतरी जण सांगतात, आणि मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त छळते.

जगले ते मार्केटमुळे. आणि मार्केट उभं केलं बायकांनी, कारण पुरुषांना पगार नसलेल्या, बंद पडलेल्या कारखान्यातही हजेरी लावावीच लागायची, लग्न झालेल्या बायकांना त्यातून सूट होती. पुढे तर नवरे कारखान्यालाच पैसे भरून सुट्टी घ्यायला लागले 😄

सरकारला हे खुपणारच. २००९ च्या नोव्हेंबरअखेर एकदम जाहीर केलं, जुने १०० वॉन म्हणजे नवा १, आणि बदलून मिळणार सुरुवातीला घरटी जुने एक लाख वॉनच. वर्षानुवर्षं साठवलेलं एका झटक्यात रद्दी. किंमती उसळल्या, लोक उघड चिडले आणि काही महिन्यांत बंद केलेलं मार्केट परत चालू करावं लागलं. पण कोविडच्या नावाखाली २०२० ला बॉर्डर बंद केली आणि आता सरकारी धान्य दुकानं पुढे करून मार्केटमधल्या तांदळावर परत हात टाकलाय. कशासाठी ते वरचं वाचून कळेलच.

आणि हो, कमेंटमध्ये 'हे सगळं निर्बंधांमुळे' म्हणणाऱ्यांनी आधी तारखा बघाव्यात. अणुकार्यक्रमावरून युनोने निर्बंध लावले २००६ ला, दुष्काळ त्याच्या दहा वर्षं आधीचा. अमेरिकेचे जुने होते मान्य, पण १९५७ ची धान्यबंदी काय अमेरिकेने घातली होती का?