शाई जपून वापरा

महाराष्ट्राच्या चौदाव्या विधानसभेचा इतिहास लिहायला बसताय? शाब्बास. आधी पेन्सिल आणि खोडरबर आणा. आमदाराचं नाव, मतदारसंघ शाईने लिहिलंत तरी चालेल. ‘पक्ष’ या रकान्यात मात्र शाईचा थेंब पडू देऊ नका.

सुरुवात सोपी आहे. २४ ऑक्टोबर २०१९ चा निकाल: २८८ पैकी भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. हे आकडे डोळे भरून पाहून घ्या, पुन्हा इतके स्वच्छ दिसायचे नाहीत.

२३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली. (सरकारी कामाला वेळ लागतो म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) आठच्या सुमारास फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी, २६ ला राजीनामे, आणि आमदारांनी सदस्यत्वाची शपथ घेतली २७ ला. म्हणजे पहिलं सरकार आमदार बाकावर बसायच्या आत येऊन गेलंसुद्धा. छपाईची चूक समजून तारखा उलटसुलट करू नका, बरोबर आहेत.

मुख्यमंत्र्यांसाठी तीन ओळी ठेवा: फडणवीस, ठाकरे, शिंदे. तिघांच्याही समोर उपमुख्यमंत्री म्हणून अजित पवार लिहा. शिंदेंच्या वेळी फडणवीसही तिथेच बसवायचे आहेत, तेव्हा रकाना जरा रुंद आखा. मधल्या काळातला विरोधी पक्षनेता हवा असेल तर लांब जाऊ नका, याच दोघांत आधी शोधा.

अध्यक्षांच्या खुर्चीपाशी फार घोटाळू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले उठले, ते जुलै २०२२ मध्ये राहुल नार्वेकर बसेपर्यंत खुर्ची मोकळीच होती. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी कारभार रेटला.

अधिवेशनं मुंबई-नागपुरात भरतात, म्हणून तेवढाच नकाशा घेऊन बसाल तर जून २०२२ मध्ये फसाल. शिंदेंसोबत बंड करून निघालेल्या शिवसेना आमदारांसाठी सुरत, गुवाहाटी, गोवा जोडून घ्या. सांगोल्याच्या शहाजीबापू पाटलांचं फोनवरचं ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ टिपायला विसरू नका. सभागृहातली कुठली पाच वर्षांतली भाषणं लोकांना एवढी पाठ आहेत, सांगा बरं.

पक्षांतरबंदीचा रकाना सगळ्यात सुखाचा. १० जानेवारी २०२४ ला शिवसेनेच्या दोन्ही गटांतलं कुणीही अपात्र ठरलं नाही, फेब्रुवारीत राष्ट्रवादीचंही तसंच. वर एकदा ‘पात्र’ लिहा, खाली कित्ता, कित्ता, कित्ता.

एक नोंद मात्र बिनधास्त शाईने करा. ४ ऑक्टोबर २०२४ ला झिरवाळांनी आदिवासी आरक्षणाच्या प्रश्नावर मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून उडी घेतली. जीव द्यायला येणाऱ्या नागरिकांना अडवण्यासाठी बांधलेल्या जाळीने उपाध्यक्षांना झेललं. या विधानसभेत उड्या पुष्कळ झाल्या, पण कागदोपत्री हिलाच उडी म्हणता येईल.