पक्ष पीलचा की डर्बीचा?

ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षावरचा लेख आवडला, पण '१८३४ च्या टॅमवर्थ जाहीरनाम्यातून कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष जन्मला' हे लेखातलं वाक्य मला पटत नाही. हा जाहीरनामा म्हणजे तेव्हाचा पंतप्रधान रॉबर्ट पील याने टॅमवर्थ या आपल्या मतदारसंघातल्या मतदारांना लिहिलेलं पत्र. डिसेंबरात ते लंडनच्या वृत्तपत्रांत छापून आलं. मताधिकार वाढवणारा १८३२ चा सुधारणा कायदा आता कायमचा, तो उलटवणार नाही, हा त्यातला गाभा. महत्त्वाचं आहेच. पण पक्षाच्या लोकांचा लंडनमधला कार्लटन क्लब त्याआधीच, १८३२ मध्ये उभा राहिला होता.

इतिहासकार नॉर्मन गॅशने पीलला आधुनिक पक्षाचा शिल्पकार ठरवलं आणि पुढे बऱ्याच जणांनी तीच री ओढली. बॉइड हिल्टन या दुसऱ्या इतिहासकाराने या मताला छेद दिला: त्याच्या मते पील व्यवहारी तडजोडवाला नव्हता, खुल्या व्यापाराच्या तत्त्वाला घट्ट चिकटलेला होता. मला हेच जास्त पटतं. नाहीतर १८४६ चा उलगडा कसा करणार? परदेशी धान्यावर आयातकर लावणारे धान्य कायदे रद्द करताना त्याच्याच पक्षाच्या सुमारे दोन तृतीयांश खासदारांनी त्याच्याविरुद्ध मत दिलं. त्याला साथ देणारे ग्लॅडस्टनसारखे लोक पुढे लिबरल पक्षात गेले. म्हणजे जो पक्ष टिकला, तो पीलला नाकारणाऱ्यांचा!

आणि या नाकारणाऱ्यांचा नेता लॉर्ड डर्बी, त्याचं काय? १८४६ ते १८६८ अशी बावीस वर्षं पक्ष त्याने सांभाळला, तीनदा पंतप्रधान झाला, १८६७ चा मताधिकार कायदा त्याच्याच सरकारचा. सगळं श्रेय मात्र त्याचा सहकारी आणि नंतरचा पंतप्रधान डिझरायली याच्या खात्यात. अँगस हॉकिन्सने डर्बीचं मोठं चरित्र लिहून ही उणीव भरून काढली. पुढच्या भागात त्याच्यावर जरूर लिहा.