इंग्रजीचा पोर्शन वेळेत कसा संपवावा?

आदरणीय पालकहो,

दहावीच्या आपल्या ग्रुपवर परवा जी लढाई झाली, तिच्यात आपला विजय झाल्याबद्दल आधी अभिनंदन. इंग्रजीच्या नव्या मॅडम अ‍ॅन फ्रँकच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात लपून राहिलेल्या ज्यू मुलीच्या, डायरीचा धडा मुलांकडून मोठ्याने वाचून घेत होत्या. पुस्तकात नसलेली पानंही झेरॉक्स काढून वाटत होत्या. आणि कळस म्हणजे, '2019 च्या पुरात तुम्ही कुठे होतात ते एक पान इंग्रजीत लिहून आणा' असा गृहपाठ दिला होता. हा सगळा प्रकार आपण वेळीच हाणून पाडला. 'पुराचा आणि इंग्रजीचा काय संबंध?' या सवालाला मीटिंगमध्ये जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या हल्ली आपल्या सांगलीच्या भावे नाट्यमंदिरातही पडत नाहीत. सोमवारपासून मॅडमनी निमूटपणे नोट्स द्यायला सुरुवात केली आहे.

माझी मुलगी त्याच वर्गात आहे आणि पुतण्या अकरावीला, त्याला इंग्रजीत नाटकांचे उतारे आहेत. त्यामुळे नाटक आणि युद्ध हे दोन्ही विषय आमच्या घरात एकाच टेबलावर संपवले जातात. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगते. पुढच्या बॅचच्या पालकांना उपयोगी पडतील.

सगळ्यात आधी पाठ्यपुस्तक माळ्यावर टाका आणि गाईड आणा. पुस्तकात धडा आधी असतो आणि प्रश्न नंतर, त्यामुळे मुलाचा नाहक वेळ जातो. गाईडमध्ये उत्तर तयार असतं आणि प्रश्न वाचला नाही तरी चालतं.

नाटकाचं तर अगदी सोपं आहे. अकरावीच्या युवकभारतीत शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'चा आणि इब्सेनच्या 'अ‍ॅन एनिमी ऑफ द पीपल'चा उतारा आहे. पण अकरावी नावाचं वर्ष मुळात नसतंच, हे तुम्ही-आम्ही जाणतो. प्रवेश एकीकडे, बसायचं क्लासला, हजेरी देवाच्या भरवशावर. पुतण्याला त्याचं कॉलेज अ‍ॅडमिशनच्या दिवशी दिसलं, आता एकदम परीक्षेला दिसेल. तेव्हा नाटक संपवायला एक रात्र भरपूर होते. शेक्सपिअरची भीती नाही. पऱ्या, जंगल, एका विणकऱ्याला लागलेलं गाढवाचं डोकं, एवढ्यावर भागतं.

इब्सेनपासून मात्र पोरांना सांभाळा. नाटक 1882 सालचं, तेही नॉर्वेतलं, म्हणजे वरवर पाहता निरुपद्रवी. औषधी पाण्याच्या स्नानगृहांवर बरकत आलेलं एक छोटं गाव. तिथला डॉक्टर स्टॉकमन पाण्याचा नमुना विद्यापीठात तपासायला पाठवतो, तर पाण्यात वरच्या अंगाच्या कातडी कारखान्यांची घाण निघते. बिचाऱ्याला वाटतं, आता गाव आपला सत्कार करणार. नगराध्यक्ष त्याचा सख्खा भाऊ. तो म्हणतो, दुरुस्तीला दोन वर्षं लागतील, पैसा लागेल, तोवर गिऱ्हाईक शेजारच्या गावाला जाईल, तेव्हा अहवाल मिटव. पेपरचा संपादक आधी डॉक्टरच्या बाजूने असतो. खर्च लोकांच्या खिशातून जाणार हे कळल्यावर तो नगराध्यक्षाच्या बाजूला जातो. छापखान्याचा मालक अस्लाक्सन हा घरमालक संघाचा अध्यक्ष, आणि त्याचं एकच पालुपद: संयमाने घ्या, संयमाने. शेवटी जाहीर सभा भरते. तिथे डॉक्टरला पाण्याबद्दल बोलूच देत नाहीत आणि ठराव करून त्यालाच जनतेचा शत्रू ठरवतात. घराच्या काचा फुटतात, नोकरी जाते.

आता हे सगळं सांगलीतल्या सोळा वर्षांच्या पोराने नीट वाचलं तर काय होईल, कल्पना करा. तो कृष्णेत शहराचं सांडपाणी सोडणाऱ्या शेरीनाल्याचं नाव काढेल. 2023 च्या मार्चमध्ये अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता, तेव्हा पाण्याचे नमुने घेतले होते ना, मग पुढे काय झालं, असं विचारेल. आणि विचारणार कुठे, तर घरात, जेवताना, पाहुण्यांसमोर! आपल्यातल्या कुणाचा काका कारखान्यात, कुणाचा मेहुणा महापालिकेत, कुणाचं टेंडर अडकलेलं. ते पोर अस्लाक्सनचं वर्णन वाचेल आणि त्याला समोर आपला बाप दिसेल. ही जोखीम कशाला घ्यायची? त्यापेक्षा दहा ओळींचा सारांश पाठ करून घ्या. 'थीम: सत्यासाठी एका माणसाचा लढा.' दोन मार्क. पाण्यातली घाण काढायला इब्सेनच्या गावात दोन वर्षं लागणार होती, आपल्या गाईडवाल्यांनी दहा ओळींत काढली. पुतण्याला मी विचारलं, 'अरे, पाणी कशाने खराब झालं होतं?' तो म्हणाला, 'काकू, ते इम्पॉर्टंट नाहीये.' पास होणार. नक्की पास होणार.

नाटक मोठ्याने वाचून देऊ नका, हे तर सांगायलाच नको. वर्गात आवाज होतो, आणि काही मुलांना ते आवडूही लागतं.

इथे कुणीतरी इतिहास काढेलच, म्हणून आधीच सांगते. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली याच सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं, म्हणून आपण गावाला नाट्यपंढरी म्हणतो, 5 नोव्हेंबरला हार घालतो, फोटो काढतो. एवढं पुरे. त्याचा मुलांच्या नाटक वाचण्याशी संबंध जोडू नये. नाटककार खाडिलकर इथलेच. त्यांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं तेव्हा कीचक म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, हे पिटातल्या माणसालाही समजत होतं. इंग्रज सरकारलाही ते समजलं आणि 1910 साली त्यांनी नाटकावर बंदी घातली. मला तर आता त्या साहेबाबद्दल आदर वाटायला लागलाय. नाटक मन लावून वाचलं, त्यातून काय निघतं ते ओळखलं, घाबरला. आमच्या शाळेच्या संस्थाचालकांना नाटकाची भीती वाटावी एवढंही त्यांनी ते वाचलेलं नाही. त्यांना फक्त उशिराची भीती वाटते.

गॅदरिंगला मात्र स्टेज, लाइट, ड्रोन, भाड्याचे पोशाख, सगळं हवं. रेकॉर्डवर ओठ हलवायचे असल्यामुळे पाठांतराचा त्रास नाही.

यूट्यूबवर अख्खा धडा एका दमात उरकणारा 'वन शॉट' व्हिडिओ असतो, तो दीडच्या स्पीडने लावा.

डायरी वाचून मूल रडलं तर काउन्सेलर शोधा. चुकूनही शेजारी बसून 'काय झालं?' असं विचारू नका, नाहीतर पानं तुम्हालाही वाचावी लागतील.

आता युद्धाकडे येऊ. सीबीएसईच्या दहावीच्या पुस्तकातला अ‍ॅनचा उतारा तसा सोयीचा आहे. बडबडी मुलगी, वैतागलेले गणिताचे कीसिंग सर, शिक्षा म्हणून निबंध, मग बदकाच्या पिल्लांची कविता, सर हसतात, संपलं. 'कीसिंग सर अ‍ॅनवर का चिडले?' हा प्रश्न पाठ केला की युद्ध झालं. नोंदीची तारीख 20 जून 1942, ती फक्त कॉपी करताना नीट लिहायची. त्याच तारखेच्या मूळ नोंदीत ज्यूंनी सायकली जमा करायच्या, ट्राममध्ये बसायचं नाही, रात्री आठनंतर घराबाहेर पडायचं नाही, अशी यादी आहे. ती आमच्या गाईडमध्ये नाही, म्हणजे ती महत्त्वाची नसणार. त्यानंतर जेमतेम पंधरवड्याने, 6 जुलैला, ते कुटुंब अ‍ॅमस्टरडॅममध्ये लपायला गेलं आणि दोन वर्षांहून जास्त काळ तिथेच कोंडून राहिलं. 4 ऑगस्ट 1944 ला पकडले गेले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला बर्गन-बेल्सनच्या छावणीत अ‍ॅन गेली. वडील तेवढे वाचले, त्यांनी 1947 मध्ये डायरी छापून आणली. यातलं परीक्षेला काही येत नाही. मॅडमनी वाटलेल्या झेरॉक्सवर हे होतं. त्या झेरॉक्सचे पैसे कुणी दिले, असाही प्रश्न आपल्या ग्रुपवर आला होता. मॅडमनी स्वतःच्या खिशातून दिले होते.

आणखी एक गोष्ट त्यांनी वर्गात सांगितली होती, मुलीने मला घरी येऊन सांगितली. लपलेल्या घरात अ‍ॅनने रेडिओवर ऐकलं की युद्ध संपल्यावर लोकांच्या डायऱ्या गोळा करणार आहेत. तेव्हा तिने स्वतःची जुनी पानं काढून पुन्हा लिहायला घेतली. खोडलं, बदललं, नीट केलं. पकडलं जाण्याची भीती डोक्यावर असताना! आणि आपल्या पोरांना एका परिच्छेदाचा दुसरा ड्राफ्ट करायला सांगितला तर आपण म्हणतो, 'मॅडम, लोड फार होतोय.' पंधरा वर्षांची होती ती, गेली तेव्हा. दहावीत आपली मुलं किती वर्षांची असतात?

असो. उपाय सांगत होते.

मॅडमचा आणखी एक बेत होता, तोही आपण मोडून काढला. कुणी तरी निवृत्त फौजी वर्गात बोलवायचा, मुलांनी त्याला प्रश्न विचारायचे आणि त्याच्या आठवणी लिहून काढायच्या. 'अशी गेस्ट लेक्चर्स 26 जानेवारीला ठेवा' असं ठरलं. बरोबरच आहे. आपल्या भागात फौजी काय कमी आहेत? शेजारच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं अख्खं गाव आहे, तिथे पहिल्या महायुद्धात मेलेल्यांची शिळा आहे. आपल्या शाळेच्या गेटवर जे काका बसची नोंद करतात, ते कारगिलच्या वेळी वर डोंगरात होते. रोज सकाळी आपण त्यांना 'ओ, जरा गाडी लावू दे ना' एवढंच बोलतो. आत वर्गात युद्धाच्या आठवणींवरचा धडा चालू असतो, बाहेर युद्ध पाहिलेला माणूस प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला असतो, आणि मधल्या पन्नास पावलांत आपण पोर्शनची भिंत घातली आहे.

आता उपरोध पुरे. माझ्याच्याने होत नाही.

पुराचा आणि इंग्रजीचा काय संबंध, असं विचारणाऱ्या बापाच्या मुलाने मॅडमच्या गृहपाठात काय लिहिलं होतं माहीत आहे? आयर्विन पुलाला 57 फुटांच्या वर पाणी होतं, गावभागातलं घर सोडून सगळे निघाले, आजोबा म्हशींना सोडून यायला तयार नव्हते, आणि त्याने आईला पहिल्यांदा ओरडून रडताना ऐकलं. तुटक्या इंग्रजीत लिहिलं होतं, व्याकरणाच्या चुका होत्या. मुलीने ते घरी सांगितलं तेव्हा माझ्या हातातलं काम थांबलं. त्या मुलाला कळलं होतं की एका बंद खोलीत बसून एखादी मुलगी का लिहिते. ते पान त्याच्या बापाने वाचलं नाही. वाचलं असतं तर तो सवाल तोंडातून निघाला नसता. आता तोच मुलगा 'कीसिंग सर का चिडले' पाठ करतोय.

इब्सेनच्या नाटकात डॉक्टरची मुलगी पेट्रा शाळेत शिक्षिका असते. बापाच्या सभेनंतर तिची नोकरी जाते, कारण मुख्याध्यापिकेकडे तिच्याबद्दल तीन पत्रं आलेली असतात. मुख्याध्यापिका वाईट बाई नसते, ती फक्त घाबरलेली असते. आपल्या मॅडम एका वर्षाच्या कंत्राटी ऑर्डरवर आहेत. पत्रं लिहायची गरज आपल्याला पडली नाही, ग्रुपवरचे अंगठे पुरले. मार्चनंतर त्या दिसल्या नाहीत तर 'चांगल्या होत्या हो' असं म्हणू नका. आपणच घालवलं असेल त्यांना.

बस फी, डिजिटल बोर्ड, युनिफॉर्मचा नवा रंग, यावर तासन्‌तास भांडता. पोरगं काय वाचतंय हे बघायला तुम्हाला दहा मिनिटं नाहीत. धडा तुम्ही वाचलेला नाही, झेरॉक्स उघडून पाहिलेली नाही, आणि तो कसा शिकवावा हे शिकवणाऱ्या बाईला मात्र सांगता. मराठीत नाटकं बघत, मिलिटरीतल्या मामाचे किस्से ऐकत मोठी झालेली माणसं तुम्ही! इंग्रजीचं पुस्तक हातात आलं की तुमचं डोकं फक्त बेरीज करायला लागतं. लाज वाटू द्या थोडी. मुख्याध्यापकांना फोन करा आणि मॅडमना शिकवू द्या म्हणून सांगा. तो फोन मी काल केला आहे, तुम्हीही करा.

आणि हे वाचून कुणी मला ग्रुपवर 'ताई, संयमाने घ्या' असं लिहू नये. ते अस्लाक्सनचं वाक्य आहे. निदान कुणाचं वाक्य बोलताय, ते तरी वाचून बघा.