११२ ला फोन केला की नाव फुटतं म्हणे!

"११२ ला चुकूनही फोन करू नका, तुमचा नंबर मेसेजने आरोपीला जातो, १०८ ला कळवलं तर बिल तुमच्या नावावर आणि वर कोर्टाच्या फेऱ्या, त्यापेक्षा ओळखीच्या माणसाला सांगा." ११२ म्हणजे पोलिसांच्या मदतीचा नंबर, १०८ म्हणजे ॲम्ब्युलन्सचा, आणि हा मेसेज आठवडाभर फिरतोय. मी सोडून देणार होतो, पण परवा कराडजवळ हायवेला मोटरसायकलवाला पडलेला बघून आमचे मामा १०८ लावायचं सोडून दहा मिनिटं ओळखीच्या पोलीसपाटलाला फोन लावत बसले, आणि त्यांचा फोन बंद! डोकंच फिरलं.

नंबर आरोपीला जातो? अहो, ११२ चा फोन गावच्या ठाण्यात वाजतच नाही, तो नवी मुंबईत नाहीतर नागपुरात उचलतात, मग जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला आणि तिथून जवळच्या गाडीला जातो. उचलणाऱ्याला आरोपी कोण हेच माहीत नसतं, त्याचा मोबाइल नंबर काय स्वप्नात दिसतो?

बिलाचं सोडा, १०८ फुकट आहे.

कोर्टाच्या फेऱ्या. अपघात कळवणाऱ्याला फोनवर किंवा समोर नाव-पत्ता सांगायची सक्ती करायची नाही, असं केंद्राने मे २०१५ मध्येच काढलं, ३० मार्च २०१६ ला सुप्रीम कोर्टाने ते बंधनकारक केलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम १३४अ आलं. साक्ष द्यायची तर आपल्या मर्जीने.

आता खरं तेवढं सांगतो. नंबर आणि लोकेशन त्यांना दिसतं, कॉल रेकॉर्ड होतो, गाडीतले पोलीस पत्ता विचारायला तुम्हालाच फोन करतात. आणि वरचं संरक्षण अपघातापुरतं आहे, शेजारच्या मारहाणीला ते नाही. आमच्या गल्लीत एकदा साहेबांनी चौकात उभं राहून विचारलं, "फोन कुणी केलता?" झालं, सगळी गल्ली एकाच खिडकीकडे बघायला लागली. हे चूकच, तक्रार करण्यासारखं. म्हणून फोनवरच सांगायचं, माझ्या दारात येऊ नका, नाव घेऊ नका.

आणि "ओळखीच्या माणसाला सांगा" म्हणे! त्याला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत पारावर असतं.

त्या मोटरसायकलवाल्याला शेवटी १०८ नेच नेलं, दुसऱ्या कुणीतरी फोन केला म्हणून. कुणी केला ते अजून कुणालाच माहीत नाही. मामा दहा मिनिटं काय करत होते ते मात्र अख्ख्या गावाला माहितीये.